फुफाट्यातले ठसे

पडद्यावर मुंगूस होतं.
अंगात लांब कोट, खिशात भिंग,
हाताखाली एक जाडी पाल,
जिला ऐन पाठलागात भूक लागायची.
गावच्या मोठ्या घड्याळाचा लोलक चोरीला गेलेला.
लोलक नाही म्हणून वेळ थांबलेली,
वेळ थांबली म्हणून शाळा सुटत नव्हती.
इथं थेटरातली झाडून सगळी पोरं ओरडली.

चार तिकिटं. वर मध्यंतरात पॉपकॉर्न,
प्रचितीनं मागितलं नव्हतं, मीच आणलं.
तिनं माझ्याकडं जरा जास्त वेळ पाहिलं
आणि खायला लागली.

त्या शहरात रात्रंदिवस धुकं.
येताना रिक्षात युग म्हणाला,
आपल्या जालन्यात कामून नाही धुकं?
फुफाटा आहे की, प्रचिती म्हणाली.
फुफाट्यात पाऊल जसंच्या तसं राहतं.
धुक्यात काय राहतं?

सोमवारपासून तपास सुरू.
आधी फुटकळ प्रकरणं:
गूळ कुणी खाल्ला? युगनं, ओठ चिकट.
शेजारच्या ताहेराबींची बादली? वाऱ्यानं नेली, नालीत सापडली.
आईच्या कुड्याची फिरकी पिठाच्या डब्यात.
भिंग म्हणून माझ्या जुन्या चष्म्याची एक काच,
काठाला चिकटपट्टी, बोट कापू नये म्हणून.

मग ती चपलांपाशी आली.

सळईच्या कारखान्यात मी हजेरी लिहायचो, नऊ वर्षं.
चपलांना तिथली काळी धूळ लागायची.
फुटक्या स्पीकरचं चुंबक वरून फिरवलं
की धूळ केसांसारखी ताठ उभी राहायची
आणि युग टाळ्या पिटायचा.
रोज संध्याकाळी हा आमचा खेळ.
त्या दिवशी तिनं फिरवलं. परत फिरवलं.
काहीच उभं राहिलं नाही.
युगनं टाळ्यांसाठी हात तसेच धरून ठेवलेले.

तिची वही मी वाचली. चोरून.
म्हणजे आता गुन्हे दोन.

एक. चपलांची माती तलावाकाठची.
दोन. सदऱ्याला वंगणाचा वास नाही.
तीन खोडलेलं, कागद फाटेपर्यंत.
चार. बाबा न मागता पॉपकॉर्न आणतात.
खाली 'निष्कर्ष' असं लिहून दोन रेघा ओढलेल्या,
पुढं पान कोरं.

पिक्चरात शेवटी मुंगूस सगळ्यांना
दिवाणखान्यात बसवतं आणि एकेकाकडं बघत फिरतं.
रविवारी आम्हालाही बसवलं.
ताहेराबींना मोडा दिला, त्या सगळ्यात खूश.
भर मे महिन्यात रेनकोट घालून,
घामानं निथळत, प्रचिती उभी राहिली.
गुन्हेगार ह्याच खोलीत आहे, म्हणाली.
माझा कप बशीवर वाजला.
तिनं तो आवाज ऐकला, मला दिसलं ते.
खोलीत नुसता कूलर चालू.
मग ती वळली
आणि भिंग युगवर रोखलं:
गूळ. दुसऱ्यांदा.
मी नाही! युग रडायलाच लागला, आईशप्पथ मी नाही!
पण खटला तिथंच संपला.
रेनकोट खुंटीला टांगून ती
टोपलीतला कांदा निवडायला बसली,
माझ्याकडं पाठ करून.

सकाळी नेहमीसारखा निघालो, नेहमीच्या वेळेला.
मोती तलावाच्या कठड्यावर डबा उघडला
तर तीनच्या जागी पाच पोळ्या.
दोन वेगळ्या कागदात, बिनतेलाच्या,
शिळ्या, बारीक कुस्करलेल्या.
माशांसाठी.
सुमित्रानं पिक्चर अर्धा झोपेत पाहिला होता.
तिला ना भिंग लागलं ना चुंबक.
कधीपासून ठाऊक होतं,
हे आज घरी गेल्यावर विचारीन म्हणतो.

युग अजून बहिणीशी बोलत नाही.
त्याचं बरोबर आहे.
दुसऱ्या वेळचा गूळ मी खाल्ला होता,
मंगळवारी, भर दुपारी,
घरात कुणी नसताना,
ओट्याशी उभा राहून.