शेपटीकडे लक्ष

सहा दिवस झाले, गेको काही खात नाही.
पेटीत वर्तमानपत्र अंथरलंय. वाळू नको,
पोटात अडकते, म्हणाला विकणारा.
एका टोकाला ऊब,
दुसऱ्या टोकाला फुटक्या कुंडीचा आडोसा,
माझ्या हातांना पंधरा दिवस बंदी.

सांगलीत म्हशींचे डॉक्टर पुष्कळ.
"पालीला काय होतंय?" फोनवर जरा वेळ शांतता.
"शेपटी बघत राहा. बारीक झाली तर आणा."

म्हणून शेपटी बघतो.
हरभट रोडला मगदूम सराफांच्या काट्यावर, डब्यासकट नेऊन,
अडतीस ग्रॅम. काल सदतीस.
मागच्या बोटाला जुन्या कातडीचा दोरा,
कोमट पाण्याच्या कापसानं सोडवला,
बंदी मोडून.

आई दिवस मावळायच्या आत जेवते,
पाणी गाळून पिते.
तो दिवस मावळल्यावर उठतो.
वाटीत चार अळ्या, कॅल्शियमची पूड लावून.
बाकीच्यांचा डबा गॅलरीत, चपलांमागे.
कोंड्यातली सळसळ तिला ऐकू येते.
बोलत नाही.

ट्यूबलाइटमागची घरची पाल चुकचुकते.
हा मुका.
त्याच्या वाटची शंका माझ्याच मनात चुकचुकते.

सातव्या रात्री अडीचला उठलो
तर झिरोच्या उजेडात आई,
काचेपासून हातभर लांब,
पदर नाकाशी, ओठ हलताहेत.
णमोकार. कुणासाठी, विचारलं नाही.

बऱ्याच वेळानं, वाटीवरची नजर न काढता म्हणाली,
"चार ठेवल्या होत्यास ना?
तीन आहेत."