पाणी तेवढं

चोरलच्या उतारावर फाल्गुन सरत आलेला,
महुए सगळे उघडे.
नाहरसिंग डावर म्हणतो, आता मोजा बाई बांदे,
आत्ता जे हिरवं दिसेल, ते महुआचं नाही.

मोजते.
सतराव्या झाडावर अकरा झुडपं.
अठराव्यावर एकही नाही.
एकोणिसावं संपत आलंय, शेंड्याच्या नुसत्या काटक्या,
आणि मधोमध बांडगूळ, केशरी नळ्यांनी फुललेलं,
लग्नाला उशिरा येऊन
पहिल्या पंगतीत बसलेल्या पाहुण्यासारखं.

फुलटोच्या अंगठ्याएवढा.
राखेत जरा शेवाळ कालवावं, तसला रंग.
फळ गिळतो; थोड्या वेळानं बी मागून बाहेर येतं
पण सुटत नाही.
चिकाचा धागा, धाग्याला बी, बीला पक्षी.
मग हा फांदीवर बूड घासतो, सरकतो,
वळून पाहतो, पुन्हा घासतो.
नाहरसिंग हसतो. पेरणी चाललीये, म्हणतो.

त्याला झाड मारायचं नसतं,
जंगलही लावायचं नसतं.
त्याला मोकळं व्हायचं असतं.
आणि जिथे फळ, तिथेच तो परत,
म्हणून सतराव्यावर अकरा
आणि अठरावं शेजारी असून कोरं.

रामबागेत आमच्याकडे दिगूमामा आला
तीन दिवसांसाठी. अकरा वर्षं राहिला.
आई भांडी घासताना हाच शब्द म्हणायची,
हळू, पण जिन्यापर्यंत जाईल इतका.
जिन्याखाली त्याचा स्टोव्ह, त्याचा तवा,
पीठसुद्धा तो स्वतःचं आणायचा.
आमचं फक्त पाणी.
त्यानं मला शीळ घालायला शिकवली,
सायकलचं पंक्चर काढायला,
आणि कुणी रागावलं की
भिंतीला पाठ लावून लहान कसं व्हायचं, ते.

पुढे कॉलेजात वाचलं:
याची पानं हिरवी असतात, अन्न ते स्वतः शिजवतं,
झाडाकडून घेतं ते पाणी, आणि पाण्यातलं मीठ.
पेन खाली ठेवलं.
मामा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती.
बाहेर बादल्यांचा आवाज,
घाट चढून येणाऱ्या नर्मदेचा आमचा वार होता.
इतकं मोठं शहर, त्या एका नळीला तोंड लावून.

नाहरसिंग कोयता काढतो.
नुसतं झुडूप छाटून भागत नाही,
हातभर खालून फांदीच उतरवावी लागते,
कारण ते आत कुठवर गेलंय
आणि लाकूड कुठून सुरू होतं,
हे कोयत्यालाही कळत नाही.
एकोणिसाव्यावरचं तो राहू देतो.
का, ते सांगत नाही. मीही विचारत नाही,
वहीत मात्र एक नोंद वाढते.

घरी आले तर बाहीला एक बी.
बोटावर घेतलं, बोट सोडेना;
शेवटी खिडकीच्या गजाला पुसलं,
त्या पक्ष्यासारखंच.

आज सहावा दिवस.
बीतून एक हिरवं बोट आलंय, टोकाला गोल,
लोखंड चाचपतंय.
सगळी रोपं उजेडाकडे जातात.
हे उजेडाकडे पाठ करून
आत वळलंय, खोलीतल्या काळोखाकडे,
माझ्याकडे.

आज नळाचा वार नाही.
तरी तांब्यातलं थोडं
शिंपडलं.