थंड इंजिन

पुस्तकात एकच ओळ आहे :
टापेट सेट करताना इंजिन थंड असावं.
पुस्तक जर्मनीत छापलेलं.
इथे धैदला, ऑगस्टात, रात्रीचे दोन वाजलेत
आणि हेडवर तळवा ठेवला
तर अजून तापातल्या पोरासारखं लागतं.

ताज मीर संध्याकाळी डोंगरातून खडी घेऊन आला.
"उस्ताद, आत कुणी दार वाजवतंय,"
एवढंच बोलला
आणि ट्रेलरखाली बाज टाकून घोरू लागला.
मी लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली,
टोक कव्हरवरून फिरवत नेलं,
चौथ्यापाशी दार सापडलं.
मग इंजिन बंद. मग वाट.

एअर फिल्टर झटकला : ओंजळभर वाळू, पिठासारखी.
"भाकरी होईल," दिलबहादूर म्हणाला.
त्यानं भाकरी पाहिलेली नाही,
शब्द माझ्याकडून उचललाय.
पलीकडे खजुराच्या बागेत पंप चालू आहे, एका सिलिंडरचा.
नोझल गेलंय त्याचं.
कुणाला सांगू?

इस्लामपूरच्या एसटी डेपोत वसगडे मिस्त्री सांगायचे,
गेजची पट्टी अडकली तर घट्ट, पळाली तर सैल.
झोपलेल्याच्या उशाखालून कागद ओढावा
तशी आली पाहिजे, जरा धरून.
मी सतरा वर्षांचा.
कुणाच्या उशाखालून काय ओढणार?

मागच्या सुट्टीत ओढला.
मंदाच्या. पतसंस्थेची पावती, पाटल्या दोन.
तारीख त्या महिन्यातली,
ज्या महिन्यात मी फोनवर
पगार झाला म्हणून सांगितलं होतं.
कागद अगदी तसाच आला,
जरा धरून.
म्हणजे ती जागी होती.

साडेचारला हेड गार झालं.
गार म्हणजे, हात राहतो इतपत.
दिलबहादूर बारनं फ्लायव्हील फिरवतो,
खूण खुणेला लागते.
इनलेटला चाळीस, एक्झॉस्टला साठ.
एक्झॉस्टला जास्त, सगळा जाळ तिथूनच जातो,
तापल्यावर लोखंड वाढतं,
जागा आधीच ठेवावी लागते.
चौथ्याला पट्टी पळते.
स्क्रू पाव फेऱ्याला कमी. लॉकनट.
पुन्हा ओढतो, श्वास धरून.

आली.

सेल्फ मारल्यावर ताज मीर उठून बसला,
केस विस्कटलेले, कान इंजिनाकडे.
"गेला का तो?"
"आत घेतला," म्हणालो.
तो हसला नाही.
सहाच्या पाळीला खडी भरायची होती,
चप्पल सापडत नव्हती एक.