शिडी

भिंत गुळगुळीत माना, असं गणितात दिलंय.
रविवार पेठेत, बोहरी आळीतली ही भिंत तशी नाही.
जुन्या पोस्टरांची खळ, दोन खिळे,
कुणाची तरी पिचकारी.

अण्णा वर चढलेत
हकीमुद्दीन हार्डवेअरमधला 'द्द' रंगवायला.
मी खाली. काखेत वही,
एक पाय शेवटच्या पायरीवर.

कुर्लेकर सर म्हणतात, वस्तू मोकळी करा.
भिंत पुसा, जमीन पुसा,
त्यांच्या जागी बाण काढा.
पुसली.
उरली एक तिरकी रेघ,
आणि अण्णा म्हणजे सहाशे न्यूटन, सरळ खाली.
डाव्या गुडघ्याच्या दुखण्याला बाण नाही.

माणूस जसजसा वर जातो
तसतसं पायथ्याशी घर्षण जास्त लागतं.
हे मी काल सिद्ध केलं, आठ मार्कांना.
अण्णांनी सकाळीच शिडीखाली
ओलं गोणपाट अंथरलं होतं.

"धरलीयस ना?"
"धरलीय."

टेम्पो हॉर्न देत अगदी घासून गेला.
सगळ्या बलांची बेरीज शून्य,
म्हणजे काहीच घडत नाहीये.
माझी पोटरी भरून आलीय.

"'द्द'चं पोट फार सुटलंय का गं?
जरा लांब जाऊन बघ."

लांब कशी जाऊ, अण्णा?