रीळ पाचवं

नुगेगोड्याच्या बाजारामागे, शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याच्या माडीवर
अंड्यांचे ट्रे भिंतींना ठोकून केलेली आमची खोली.
इथं बरगडी मोडते ती पोफळीची ओली विरी पिळली की.
शहाळ्यावर कोयता पडला की खलनायकाचं डोकं.
रक्त वगैरे दुसऱ्या खात्याकडे.

सीलवती अक्का एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या पायांनी चालते आहे.
पडद्यावर नायिका रबराच्या मळ्यातून पळते
तेव्हा वाळूच्या पेटीत ही,
साडीचा ओचा खोचून, एका जागी पळते.
गुडघे हिचे, धाप हिची,
पोस्टरवर भलत्याच पोरीचा चेहरा.
मी मदतनीस. मला ती पुता म्हणते,
आणि माडाच्या गुळाचा खडा दाताखाली धरून
कोरा चहा पिते, आवाज न करता.
(आवाजाचे पैसे मिळतात, फुकट कशाला, म्हणते.)

मे महिन्यात थिसर आला. पोरगेला दिग्दर्शक.
सिनेमा थरारपट, साल एकोणनव्वद,
ज्या साली तो जन्मलाही नव्हता.
"रीळ पाचवं, अक्का. रात्र. दक्षिणेतलं घर.
जीप येते, थोरल्या मुलाला नेतात.
मला कुत्री हवीत. आठ-दहा.
थिएटरात लोकांच्या अंगावर आली पाहिजेत."

अक्का कुठलंही दृश्य तीनदा बघते.
हे एकदाच बघितलं.
"कुत्री नको."
"अहो, पण ताण कसा—"
"कुत्री भुंकली नव्हती."

कधी, कुठं, कुणीच विचारलं नाही.
पंखा आधीच बंद होता. खोलीत चौघांचा घाम.
मग पाऊल कुठं टाकायचं हे मला शिकवते
त्याच सुरात ती सांगत गेली:

इंजिन उताराआधीच बंद करतात.
मग नुसती चाकं, खडीवर. सुपात भात घोळल्यासारखी.
कुत्री पुलाखाली जाऊन बसतात,
त्यांना आपल्याआधी कळतं.
बेडूकसुद्धा, पुता.
निल्वलाकाठचे बेडूक गप्प होतात म्हणजे काय,
ते तुला कोलंबोत नाही कळायचं.
मग आढ्याला एक पाल. तीनदा.
आई म्हणते, थांब, दार उघडू नको,
पाल बोलली की निघायचं नसतं.
आणि दादा म्हणतो—

इथं तिनं चहाचा पेला उचलला. रिकामा होता.
"त्याचं वाक्य नटाला म्हणू दे.
ते माझं खातं नाही."

खालच्या दुकानातून सूप मागवलं, शेरभर भात.
चाकं तिनं एका दमात घोळवली, उतार, वळण, थांबणं.
पाल टाळूला जीभ लावून काढली.
मला म्हणाली, आता काही करू नको.
मी काही केलं नाही. अकरा सेकंद.
काही न करण्याचा काटा
थरथरत शून्याशी टेकलेला पाहिला.

शंकेची पाल चुकचुकली ती निर्मात्याच्या मनात:
लोकांना वाटेल, स्पीकर गेला.

मातरच्या थिएटरात शुक्रवारी, शेवटचा खेळ.
पुढच्या रांगांत शिट्ट्या मारणारी पोरं, कडक वडे,
कुणाच्या तरी मोबाइलचा उजेड.
पाचव्या रिळात तो उजेड आपोआप विझला.
एक खोकला अर्ध्यातच गिळला गेला.
आणि मागून, अंधारातून, कुणीतरी म्हातारं
पडद्याला म्हणालं, हळू,
"नको उघडू."

अक्का माझ्या शेजारी, हात मांडीवर.
श्रेयनामावली लागली तेव्हा लोक दाराशी पोचले होते;
तिचं नाव चहावाल्याच्या वर, वाहनचालकांच्या खाली,
एक अक्षर चुकीचं.

बाहेर बसची वाट बघताना
मला वाटलं, आता ती बोलेल.
बोलली:
"भात जुना घ्यायला हवा होता.
नवा मऊ वाजतो."
मग बराच वेळ रस्त्याकडे बघून,
"उद्या त्या विनोदी सिनेमाला बदकं हवीत ना?
शेकायची रबरी पिशवी घेऊन ये.
जरा फाटकी असली तर बरं."