ओळ आठशे बारा

क्लाक्सविकच्या बंदर-कचेरीत
नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
रान्वा ओले मोजे हीटरवर पसरते
आणि काळ्या खिडकीशेजारी
दुसरी काळी खिडकी उघडते.

हिला चित्रं नाहीत, बटणं नाहीत.
एक लुकलुकती उभी रेघ फक्त,
दारात ताटकळलेल्या माणसासारखी.

भाच्यानं फोनवर सांगितलं होतं,
एक ओळ टाइप कर, एंटर दाब, थांब.
मग काम जिथं आहे त्या फोल्डरमध्ये जा
आणि तिथूनच हाक मार त्याला.
रस्त्यावर उभं राहून
स्वयंपाकघरातलं मीठ कुठंय ते विचारू नये.

ती गेली.
बोटींचं वेळापत्रक चालवणारा प्रोग्रॅम,
होग्नीनं लिहिलेला, एकवीस वर्षांपूर्वीचा.
होग्नी आता चर्चमागच्या उतारावर.
जिवंतपणी तरी कुठं कुणाला
काही समजावून सांगितलं होतं त्यानं!

पहिलाच प्रश्न त्यानं विचारला, तिनं नाही:
ह्या फोल्डरमधल्या फायलींवर तुमचा विश्वास आहे का?
रान्वा एकटीच हसली.
होग्नीवर?
पैशांच्या बाबतीत, मुळीच नाही.
बोटींच्या बाबतीत,
हो.

मग काय विचारायचं?
नव्या माणसाला पहिल्या दिवशी काय विचारतात?
तिनं लिहिलं: हे सगळं आहे तरी काय?

ते वाचत सुटलं.
भरती कुठून येते, वादळाचा इशारा कुठून,
रविवारची फेरी कुठल्या ओळीत रद्द होते,
सगळं साध्या भाषेत, ओळींच्या आकड्यांसकट.
एक आकडा चुकला.
तिनं दाखवला तर म्हणालं, बरोबर, माझी चूक.
ह्या कचेरीत हे शब्द
तिनं प्रथमच ऐकले. वाचले.

घड्याळ बदलतं त्या रात्री
पहिली बोट एक तास हरवायची, दरवर्षी,
आणि दरवर्षी रान्वा दारावर कागद चिकटवायची.
ते म्हणालं, इथं असं असं बदलतो, करू?
लाल ओळ गेली, हिरवी आली.
तिनं तीनदा वाचलं, मग हो म्हटलं,
आणि चिकटपट्टी खणात टाकली.

तेवढ्यात:
ओळ आठशे बारा कुठेच वापरात नाही.
काढून टाकू?

मंगळवार. थांबा, चार मिनिटं.
वर होग्नीची टीप:
हात लावू नका. का ते मला ठाऊक आहे.

खाली धक्क्यावर याकुप दोर गुंडाळत होता.
एकोणीस वर्षं तीच बोट हाकलेला माणूस.
तिनं खिडकी उघडून विचारलं.
वाऱ्यात त्याचं अर्धंच आलं:
पलीकडच्या बेटावर... हो, मंगळवारी...
धक्क्यापर्यंत यायला वेळ लागायचा तिला...
आता कुणी राहत नाही तिथं.
कोण ती, ते त्यानं सांगितलं नाही.
वाऱ्यानं नेलं असेल,
किंवा याकुपनं.

रान्वानं नाही दाबलं.
ते रुसलं नाही, वाद घातला नाही.
एवढंच म्हणालं, उद्या मला आजचं आठवणार नाही,
लक्षात ठेवायचं काही असेल
तर टिपणाच्या फाइलीत लिहा,
रोज आधी ती वाचेन.

पाटी रोज कोरी, आणि ते लाजतही नाही त्याची.
होग्नीला सगळं आठवायचं,
लिहायचा मात्र कंटाळा.

मोजे एव्हाना करपायला आले होते.
ते उलटून तिनं लिहिलं, स्वतःच्या भाषेत,
खोडून, पुन्हा:
घाई करू नये. आधी दाखवावं, मग बदलावं.
रविवारी बोट नाही.
ओळ आठशे बारा चालत नाही.
चालवायची नाही.
काढायची नाही.

सकाळी अंधारातच ती आली, कॉफी ओतली,
हाक मारली.
त्यानं टिपण वाचलं,
आणि आठशे बाराबद्दल
एक अक्षर न काढता विचारलं,
आज कुठून सुरुवात करायची?

मंगळवार होता.
खाली याकुपची बोट
वेळेवर सुटत होती.