अख्खा निरोप

फहाहीलच्या लॅबमध्ये रात्रपाळी.
एसीचं पाणी बादलीत ठिबकतंय.
डॉक्टर इल्हाम हातमोज्यांच्या खोक्यावर
पेशीचं केंद्रक काढते, भोवती बारीक दारं.
इथून असंच कुणाला सोडत नाहीत, म्हणते,
निरोप आधी कापायचा,
मधलं गाळून टोकं सांधायची,
मग पहारा हलतो.

विषाणूला तर निरोप अख्खाच न्यायचा असतो.
म्हणून तो आधी एक चिठोरं धाडतो,
रीतसर कापलेलं, कुणाच्या डोळ्यांवर न येणारं.
त्यावरून बाहेर एक प्रथिन घडतं
आणि उलट्या पावली आत शिरतं,
अख्ख्या निरोपाचं बखोट धरतं,
पेशीच्याच हमालाला सांगतं :
हा माझ्याबरोबर आहे.

मला हसू आलं. अशी ओळख असती तर
कफीलकडे पासपोर्टसाठी
तीन महिने कशाला घातले असते?

दर शुक्रवारी मी कुडाळला फोन करते.
पगार झाला. उकाडा आहे. जेवले.
मधलं सगळं गाळलेलं,
सांधा असा की आईचं बोट फिरलं तरी लागू नये.

पाच वाजता पाळी सुटली.
रिफायनरीची ज्योत उजेडात फिकी पडत होती.
फोनमध्ये अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग,
रडण्याच्या जागांसकट,
चार दिवस तसंच पडलेलं.

आधी दोनच शब्द पाठवले :
रेवती, जागी?

तिकडून लगेच आलं,
बोल गं. काय झालं ते सगळं बोल.